ताट निवण्याआधी

कोल्हापूर,
१५ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कांना,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम, वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. तुमच्या भावाचा पाय बराच सुधारला. काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. बोलणं मात्र नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिथंच अडलंय. पाणी हवं असलं की छत्री मागतात, आणि छत्री नेऊन दिली की माझ्यावरच डोळे वटारतात.

पत्रास कारण वेगळंच. चौतीस वर्षं या घरात जेवणाआधीची प्रार्थना यांनीच केली. ती झाल्याशिवाय कुणी घास उचलला नाही. आताही मान खाली घालतात, हे बापा एवढं म्हणतात, आणि पुढचं येत नाही. आम्ही वाट बघतो. आमटी दोनदा गरम करायची म्हणजे गॅस जातो, ते वेगळंच. परवा क्रांती म्हणाली की आई, तूच का करत नाहीस प्रार्थना. मी लेकीला गप्प केलं. लग्नात चर्चमध्ये मंडळीसमोर मी यांच्या अधीन राहायचं वचन दिलंय. यांची जीभ अडली म्हणून मी यांची खुर्ची बळकावायची, हे मला जमणार नाही. त्यावर ती विचारते, तू पप्पांना मान देतेस की उपास घडवतेस.

रविवारपासून हे टेबलाशी येतच नाहीत. ताट घेऊन मागच्या खोलीत जातात आणि दार लोटतात. होतं तेवढं बोलणंही बंद केलंय. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलंय की माणसांत बसून बोलत राहिले तरच वाचा येईल, एकटे राहिले तर आहे तीही जाईल. माझं काय चुकलं ते कळत नाही. मी तर एक शब्दही बोलले नाही.

क्रांतीचा सलाम. आमची आठवण प्रार्थनेत असू द्या.

आपली,
सरोजिनी

गारगोटी,
१९ फेब्रुवारी

चि. सौ. सरोजिनीस,
अ. आ.

पत्र पोचलं. एक शब्द बोलली न्हाईस, तेच चुकलं की.

धैर्यशील लहानपणी अडखळत बोलायचा, हे त्यानं तुला कधी सांगितलं नसणार. आमचे वडील, आण्णा, कडक. पोराची जीभ सुटावी म्हणून जेवणाआधीची प्रार्थना त्यालाच म्हणायला लावायचे. पुरी होईस्तोवर कुणी जेवायचं न्हाई. आम्ही भावंडं भुकेली, डोळे मिटायचे सोडून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. शेवटी तोच उठून गोठ्यात जाऊन बसायचा. पुढं जीभ सुटली. आपल्या घरात आपण न अडता प्रार्थना करतो, याचं त्याला किती अप्रूप होतं ते मला ठावं हाय. आता तू त्याला परत त्याच पाटावर बसवलंस. तुला वाटतं, मी मान राखते. त्याला वाटत असंल, बायकोनं आण्णांची जागा घेतली.

अधीन राहायचं म्हणजे नवऱ्याची फजिती बघत गप्प बसायचं न्हवं. बायबलात त्याच वचनाच्या पुढं नवऱ्यालाही सांगितलंय की बायकोसाठी स्वतःला देऊन टाक. ते सगळी माणसं घाईनं वाचतात. आणि तुला हुकूमच पाळायचा असंल तर आधी हुकूम माग तरी. प्रार्थना कुणी करायची, विचारलंस का त्याला?

एसटीनं गूळ पाठवतेय. डबा परत पाठव. मागल्या खेपेचाही तुझ्याकडंच हाय.

क्रांतीला माझा मुका. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
आक्का

कोल्हापूर,
२७ फेब्रुवारी

ती. आक्कांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी जेवायच्या वेळी मी मागच्या खोलीत गेले. म्हटलं, प्रार्थना कुणी करायची ते तुम्ही सांगा, मी तसं करीन. ते बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी तोंडातून निघालं ते कुलूप. वैतागले. मग उठले, मला हाताला धरून टेबलाशी आणलं, आपली खुर्ची मागं ओढली आणि बोटानं दाखवली. मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा दाखवली. हुकूम स्पष्ट होता. बसले. ते माझ्या जागेवर बसले, स्वयंपाकघराच्या दाराशी.

त्या खुर्चीवरून सगळ्यांची तोंडं आपल्याकडेच वळलेली दिसतात, आक्का. इतक्या वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. हे बापा म्हटलं आणि पुढचं सुचेना. रोज ऐकलेली प्रार्थना, एक ओळ आठवली नाही. तेवढ्यात यांनी न अडखळता, खणखणीत आमेन म्हटलं आणि भाकरी मोडली. क्रांतीला हसू आवरेना. मग हेही हसले.

आमटीत मीठ कमी होतं. मी सवयीनं उठायला लागले, तर यांनी हातानं बसवलं आणि काठी टेकत स्वतः आत गेले. पाय अजून फरशीवर नीट ठरत नाही. प्रार्थनेपेक्षा तेवढा वेळ बसून राहणं मला जड गेलं. मीठ आणायला गेलेले साखरेचा डबा घेऊन आले. कोल्हापुरात गोड आमटी कुणी खाणार नाही. मी खाल्ली.

आता रोज टेबलाशी बसतात. परवा मीठसुद्धा म्हणाले, मीठच हवं असताना. तुमचे दोन्ही डबे एसटीनं पाठवलेत, घासून.

प्रार्थना मी सुरू करते, ते संपवतात. काल क्रांतीच्या बदलीसाठी, तुमच्या गुडघ्यांसाठी असं करत मी जरा लांबवलं. तुमच्या कानांपाशी आले आणि मध्येच आमेन पडलं. अधीन आहे, थांबले. आज कानांचं सगळ्यांत आधी घेते.

आहे ती माया तशीच राहू द्या.

आपली,
सरोजिनी