कॉफी आली की भांडण मिटतं

बाबा, आई आता माझ्याकडे, इथे परदेशात, यिशुनला असते. दिवसभर खिडकीपाशी बसते, खालच्या बसस्टॉपकडे बघत. इथे आल्यापासून ती हसलेली मी पाहिलेली नाही आणि तिला हसवायचं कसं ते मला जमत नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा मला रडू आलं नव्हतं, अजूनही येत नाही.

तुमच्या साहेबांनी अमेरिकेहून आणून दिलेल्या त्या कॅसेट आठवतात? तिकडच्या रेडिओवरच्या विनोदी मालिका, टीव्ही घरोघरी येण्याआधीच्या. एक नवरा, एक बायको, दर वेळी नवं भांडण आणि मागे हॉलभर माणसांचं हसणं. स्वयंपाकघरात आई कांदा चिरतेय आणि तुम्ही टेप थांबवून थांबवून तिला मराठीत गोष्ट सांगताय. तुमचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांपुरतं, त्यामुळे निम्मी गोष्ट तुमच्या मनची. मध्येच ती बायको कुठल्याशा कॉफीचं कौतुक करायला लागायची. तुम्ही म्हणायचात, "बघ, कॉफी दिली त्याला. मिटलं भांडण." आणि उठून दोघांसाठी कॉफी करायचात. तुमचं दोघांचं काही बिनसलेलं असलं की त्याच दिवशी हमखास कॅसेट लागायची.

मी चौदा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाले, "बाबा, ती जाहिरात आहे. कॉफीवाल्यांची. भांडण अजून चालूच आहे." तुम्ही "असं होय?" म्हणालात आणि टेप बंद केलात. पुन्हा कधी लावला नाहीत. कॉफीही पुन्हा केली नाहीत. आई एवढंच म्हणाली, "मला काय कळत नव्हतं? तुला कुणी विचारलं होतं?"

काल फोनवर शोधता शोधता तोच भाग सापडला. लावला, तशी आईने मान वळवली. मी थांबवून थांबवून सांगत होते, अगदी बरोबर सांगत होते, तिचा चेहरा हलत नव्हता. मग कॉफी आली. सोफ्यावरून माझी लेक इथल्या पोरांसारखा 'लाह' जोडून म्हणाली, "आज्जी, दॅट्स जस्ट अ‍ॅन अ‍ॅड, लाह." आईने तिच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "मिटलं का गं?"

"हो," मी म्हटलं. "मिटलं." आणि उठून दोन कप कॉफी केली. एक घोट घेऊन आई म्हणाली, "त्यांच्या हातची फार पातळ असायची," आणि हसली. चांगली आवाज करून हसली. मी तिच्याकडे बघत राहिले. मला तरीही काहीच वाटलं नाही, कप मात्र बराच वेळ धूत बसले.

हे पत्र त्या कॅसेटच्या डब्यात राहील, दुसरं कुठे टाकणार? फक्त एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी तुमची चूक सुधारावी म्हणून मी बोलले नव्हते, बाबा. आईला कळतंय हे मलाही दिसत होतं. मला इंग्रजी येतं, एवढंच दाखवायचं होतं.