कालव्याच्या वळणावर

अंथुर्णे,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रगती हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळी बरी आहेत. तू पाठवलेला गुडघ्याचा पट्टा बांधल्यापासून तुझ्या सासूबाई जिना चढायला लागल्यात. सुयोगची रात्रपाळी चालू आहे. ढोबळी मिरचीवर थ्रिप्स पडलेत, फवारणी उद्या करीन म्हणतो. तिकडं बारामतीत डास फार आहेत असं ऐकलं, खोलीला जाळ्या बसवून घे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू "हां आबा, जेवलात का?" असं विचारतेस आणि माझं पुढचं सगळं आत राहतं. म्हणून लिहितोय.

ऑफिस लांब पडतं म्हणून सूनबाई बारामतीला राहिली, असं मी गावात सांगतो. सुयोगला तूही तेच सांगितलंस. तुझं ऑफिस लग्नाआधीपासून तिथंच आहे, हे काय मला कळत नाही?

परवा कुंडलिककडं गेलो होतो. उशीर केला जायला. तो दवाखान्यात असताना एकदा लांबूनच बघून आलो होतो. पायात सळई घातलीय, कुबडी घेऊन अंगणात फिरतो. घोटा वळत नाही, आता जड ट्रेलरच्या मागं चालायचं काम त्याच्याच्यानं होणार नाही. बायकोनं चहा केला. मी उगाच म्हणालो, "नशिबाचा फेरा, दुसरं काय."

कुंडलिक खाली बघत म्हणाला, "नशीब कशाला, दादासो? सूनबाईनी सांगितलं हुतं की. मी तितंच हुतो."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, "मग अपघाताच्या चौकशीत बोलला का नाहीस?"

"तुमी बोलला न्हाय. मंग मी कसा बोलू? तुमचं नाव गेलं असतं." मग म्हणाला, "मी बी हसलो हुतो त्या दिशी. लई वाईट वाटतंय त्याचं."

पोरी, त्याचा पाय चेमटला आणि वाईट त्याला वाटतंय.

त्या सकाळचं तुला सांगायची गरज नाही, पण माझ्या हातानं एकदा लिहून होऊ दे. वालचंदनगरजवळच्या वर्कशॉपमधून ती भली मोठी लोखंडी टाकी इंदापूरला हायवेवर न्यायची होती. पुढं ओढणारा ट्रक, मागं लांबच्या लांब ट्रेलर, आणि ट्रेलरची मागची चाकं वळवायला छातीवर रिमोट बांधून मागनं चालणारा कुंडलिक. रिमोटची लहर ट्रेलरच्या पुढच्या तोंडाला पोचली तर चाकं ऐकणार. ती कुठं पोचणार नाही हे शोधायला आमच्या कंपनीनं तुमच्या ऑफिसला काम दिलं. तू उन्हातान्हात यंत्र घेऊन तो रस्ता चाललीस, आणि सगळा रस्ता, झाडं, पूल, पत्र्याचं गोदाम, टाकीसकट आमचा ट्रेलर, असं हुबेहूब कम्प्युटरात उभं केलंस. डिजिटल ट्विन. पोरं त्याला 'जुळं' म्हणायची. खरा ट्रेलर निघायच्या आधी ते जुळं तू कितीतरी वेळा त्या रस्त्यानं नेलंस.

आणि निघायच्या दिवशी वर्कशॉपच्या यार्डात येऊन तू म्हणालीस, "आबा, कालव्याच्या वळणावर टाकी आडवी येते आणि एका बाजूला गोदामाचा पत्रा. तिथं रिमोट तुटतोय. तेवढ्या वळणापुरती रिमोटला वायर लावा."

वायर बारामतीच्या यार्डात पडलेली. ती येईपर्यंत दुपार झाली असती, रस्ता मोकळा करायला पोलिसांची गाडी येऊन थांबलेली. पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या माणसांसमोर माझी सून मला थांबवतेय, हे मला सोसलं नाही. तीस वर्षं लोड काढतोय मी.

मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मी म्हणालो, "आधी घरातल्या कालवणाला मीठ किती ते बघा सूनबाई, मग आमच्या चाकांचं बघा." सगळे हसले. तू फाईल काखेत धरून गेलीस.

त्या वळणावर तू सांगितलंस तसंच झालं. कुंडलिक बटण दाबत राहिला, चाकं होती तशीच वळलेली राहिली. ट्रेलरची पिछाडी पुलाच्या कठड्यावर गेली आणि मधे त्याचा पाय.

इथवर चूक म्हणता आली असती. पुढचं चूक नव्हे.

चौकशीत कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "त्या बारामतीच्या ऑफिसनं काही सूचना दिली होती का?" मी म्हणालो, "नाही. त्यांच्या कम्प्युटरनं रस्ता साफ दाखवला होता." एका दमात म्हणालो. मग तुमच्या ऑफिसवर ठपका आला, तुला त्या कामावरून काढलं. तू एका शब्दानं खुलासा केला नाहीस. सासऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून. त्या संध्याकाळी मला जेवायला वाढलंस. माझं ताट नेहमीसारखं भरलं आणि बॅग भरायला आत गेलीस.

कुंडलिककडून निघालो तो थेट साहेबांकडं गेलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सुपरवायझरकी गेली माझी. तुमच्या ऑफिसला ते लेखी कळवणार आहेत. घरी सुयोगला आणि तुझ्या सासूबाईंना सांगितलं. सासूबाई रडल्या. सुयोग बोलला नाही, अजून बोलत नाही.

ये असं म्हणायचं तोंड मला नाही. प्रकृतीला जप.

तुझा,
आबा


बारामती,
२३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. ऑफिसला तुमच्या साहेबांचं पत्रही आलं. आमच्या सरांनी माफी मागितली आणि काम परत माझ्याकडं दिलं. मला बरं वाटायला हवं होतं.

आबा, मी गप्प राहिले ते तुमच्या मानासाठी, हे अर्धंच खरं आहे. मला तुमच्या तोंडून ते ऐकायचं होतं. रोज वाट बघायचे की आज आबा साहेबांकडं जातील. म्हणून तर रोज फोन करत होते. मी त्याच दिवशी खुलासा केला असता तर कुंडलिककाकांची नुकसानभरपाई तरी अडली नसती. रिमोट नीट चालवला नाही असा शेरा त्यांच्या नावावर पडला, तो मी पडू दिला. हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आणि आणखी एक. मला बोललात ते यार्डात, सगळ्यांसमोर. खरं सांगितलंत ते दार लावून.

रागावून लिहीत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगावंसं वाटलं.

आईंना सांगा, गुडघ्याचा पट्टा रात्री काढून ठेवायचा.

आपली,
प्रगती


अंथुर्णे,
३ मार्च २०२५

चि. सौ. प्रगतीस आशीर्वाद.

शेऱ्याचं मला ठाऊक होतं. म्हणूनच मागच्या पत्रात लिहिलं नाही. साहेबांनाही त्याबद्दल बोललो नव्हतो. सगळं सांगितलं असं लिहून मी तुलाही पुरतं खरं सांगितलं नाही. तुझं पत्र वाचून दोन दिवस घराबाहेर पडलो नाही.

आज यार्डात गेलो. नवीन लोड निघायचा होता, सगळी माणसं जमलेली. कुंडलिकला रिक्षानं घेऊन गेलो, साहेबांनाही खाली बोलावलं. नवा सुपरवायझर म्हणाला, "दादासो, आता निघायची घाई हाय, मागनं बोला की." मी म्हणालो, "मागनं बोलायची सवय लागलीय, तीच मोडायचीय."

मग सांगितलं. वळण, वायर, मी काय बोललो, चौकशीत काय बोललो. रिमोट चालवण्यात कुंडलिकची कसूर नव्हती आणि ज्या पोरीनं आधी सांगितलं तिला मी खोटं ठरवलं, हे सगळं. कुणी वर बघेना. तो पोरसवदा ड्रायव्हर शंभूराज तेवढा म्हणाला, "आबा, बास करा आता." मी बास केलं नाही.

रिक्षात बसल्यावर कुंडलिकनं तोंड फिरवून घेतलं आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला. त्याचं घर आलं तेव्हा म्हणाला, "उशिरा का हुईना." त्यात माफी होती की नव्हती ते मला कळलं नाही. विचारायचा माझा हक्क नव्हता.

शेरा काढायचं साहेबांनी कबूल केलंय. तो कागद हातात पडेपर्यंत मी रोज साहेबांच्या दारात जाऊन बसणार आहे.

सुयोग रविवारी तुझ्याकडं येतोय. तुम्ही दोघांनी बारामतीतच राहायचं ठरवलंत तरी चालेल. तुझ्या सासूबाईंना मी समजावीन. आणि कधी आलीस, तर मनात जे असेल ते चारचौघांत बोल. मी मधे बोलणार नाही.

तुझ्यापुढं मान खाली घालून,
दादासो