दादाची पाळी

प्रिय दादा,

आज ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बोलिंगला गेले. पडद्यावर नावं टाकताना लहानपणीच्या सवयीनं माझ्याखाली तुझंही टाकलं. त्या म्हणाल्या, "पुसून टाक." म्हटलं, "राहू दे, त्याची पाळीही मीच खेळते."

तुझे चेंडू नीट टाकले, माझे मुद्दाम कडेच्या खाचेत घातले. तू जिंकलास.

परदेशी कोण जाणार आणि आईजवळ कोण राहणार, हे आपण कॅरमवर ठरवलं होतं. तुझी शेवटची सोंगटी भोकाच्या अगदी तोंडाशी होती आणि तू चुकलास. मी आठवडाभर नाक वर करून फिरले.

हे पत्र काही पाठवणार नाही. तू थोडाच कबूल होणार आहेस? पण मुद्दाम हरायलाही किती नेम लागतो, ते आज कळलं.

तुझी,
जिंकलेली धाकटी