आबांच्या मळ्यातला खडक

चोपडा, सोमवार, फेब्रुवारी १९९४

मळ्यातला काळा खडक आज निघाला. माझे वडील, आबा, जन्मभर त्याला वळसा घालून औत हाकत आले. मी केळीत मोठं पोकलेन आणणार होतो. आबा म्हणाले, "मोठं आनशी ते केयी दबाई जाई. धाकलं आन." धाकल्याने तो खडक हलणार? मला शंकाच होती. पण ते केळीमधल्या गाडवाटेने अलगद आत आलं, एका झाडालाही धक्का नाही. चारी बाजूंनी माती कोरली आणि खडक उलथला. केवढा तो! निम्म्याहून जास्त जमिनीखालीच. आबा खड्ड्यात उतरले, ओली माती मुठीत घेऊन बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाई माती बी आपलीच व्हती?"