बारा लाटांचं सिलिकॉन

१४ जानेवारी १९७३, देवळाली प्रवरा
आजपासून रोजनिशी नियमित. पुण्याच्या सरांनी सिलिकॉनचं गणित दिलंय. जमलं तर संशोधनाला घेणार. आप्पा म्हणाले, सायबांनी घेतलं तर शीक, न्हाई तर सुप्याच्या पाहुण्यांना होकार कळवतो. सर घेणारच. मग होकाराचा प्रश्नच नाही.

१६ जानेवारी
स्फटिकातला इलेक्ट्रॉन साध्या लाटांच्या बेरजेने लिहायचा. लाटा अनंत. म्हणून ऊर्जेची एक मर्यादा, कटऑफ, ठरवायची आणि त्यापुढच्या सोडायच्या. आईला समजावलं. ती म्हणाली, "पाटाला पानी न्हाई, आन् तू लाटा मोज."

२ फेब्रुवारी
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोष्टक आखलं. बाराच रकाने बसले. लाटा पंधरा आहेत. पण शेवटच्या सहा एकाच ऊर्जेच्या. तीन घेतल्या काय, सहा घेतल्या काय! कुठेतरी थांबावंच लागतं.

२५ फेब्रुवारी
लॉग टेबलचं पान फाटलं. प्रगती उत्तम. आक्काबाई आत्या सुप्याच्या मुलाचा फोटो घेऊन आली. "पोरगा लई शांत हाय." फोटोत सगळेच शांत असतात.

११ मार्च
उत्तर आलं! पुस्तकात तीन दिशांच्या तीन ऊर्जापातळ्या सारख्या. माझ्या तिन्ही वेगळ्या. चारदा तपासलं, आकडेमोड बिनचूक. म्हणजे पुस्तक चुकलंय. सिलिकॉन सगळ्या दिशांना सारखं नाहीच. शोधनिबंध इंग्रजीतच लिहावा लागेल.

१९ मार्च, परतीच्या एसटीत
सरांनी एवढंच विचारलं, कटऑफ कुठे घेतला? म्हटलं, कागद संपला तिथे. मग हळूच म्हणाले, एका ऊर्जेच्या लाटा घ्यायच्या तर सगळ्या, नाही तर एकही नाही. निम्म्याच घेतल्या म्हणून दिशांत भेद पडला. जागा दुसऱ्याला दिली. पण चूक उद्बोधक आहे म्हणाले. उद्बोधक!

२० मार्च
आप्पांना 'उद्बोधक' समजावलं. "म्हंजी घेतलं का न्हाई?" म्हणाले. मी चहा ठेवला.

१ एप्रिल
पाहुणे आले. शिक्षण विचारलं. मी एम.एस्सी. म्हणायच्या आत आत्या म्हणाली, "मॅट्रिकच्या थोडं म्होरं." मुलगा मॅट्रिक आहे. पसंती जागेवरच.

२९ एप्रिल
छापखान्यातून नमुन्याची लग्नपत्रिका आली. मागून कोरी. कॅलेंडरला चिकटवली. राहिलेले तीन रकाने बरोबर बसले.

८ मे
तिन्ही पातळ्या सारख्या आल्या. सरांना हीच पत्रिका पाठवताना मागची बाजू वर ठेवायची.