रिंकीच्या तोंडातली माय

आमगाव,
नोव्हेंबर २००८

ती. मुन्नीबाईस,

धाकट्या भावाचा, रेवारामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला आणि बिडी यांपैकी आधी काय सुटलं तेही कळव. तुमचं केशोरीकडचं धान एव्हाना घरात आलं असेल, आमचं अजून खळ्यावरच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "आवाज येऊन नाही राहिला" एवढंच ओरडतेस आणि मी "बोल नं, बोल नं" एवढंच म्हणतो (शेजारच्या भोजराजला मात्र दोघांचंही नीट ऐकू जातं), म्हणून हे पत्र.

तर बातमी अशी की आपल्या टिकेशच्या रिंकीचे दात उलटे निघाले. उलटे म्हणजे तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसतात. अंगणवाडीत तपासणी झाली, तेव्हा तिथल्या बाईंनी सुनेला सांगितलं की एकदा गोंदियाला दाताच्या डॉक्टरला दाखवा. झालं! योगेश्वरीने (सून गुणाची आहे, फक्त एखादी गोष्ट मनात घेतली की सोडत नाही) त्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, "दुधाचे दात. आज ना उद्या पडतील. जे कौलावर फेकायचं, त्याची डागडुजी कायले?" कोणी हसलं नाही. तू असतीस तर हसली असतीस, तेही पदर तोंडावर धरून.

खरं सांगतो बाई, मला त्या दातांत खोट दिसतच नव्हती. ती पोर हसली की मला आपली माय दिसते. तोच पुढे आलेला खालचा ओठ, तेच दात. तुला आठवतं ना, माय खळ्यावर बसून धान कसं पारखायची? बाकीचे लोक दाणा दाढेखाली धरत, ही पुढच्या दातांत धरायची, आणि त्या उलट्या दातांत तो असा कट्ट वाजायचा की बैलसुद्धा कान टवकारत. वाजला तर वाळला. नरम दबला तर माय थुंकून म्हणायची, "ओलं हाय. ऊन दे." अडत्या छोटेलाल स्वतःच्या माणसाचं ऐकत नसे, पण मायने एकदा ऊन दे म्हटलं की तोही मुकाट्याने पोती परत उन्हात टाकायला लावायचा. ते खळं, ती धानाच्या वाळल्या तणसाची ऊब, आणि मायच्या मागे आपण दोघं दाणे चावत बसलेले. (तुझा दाणा वाजायचा, कारण मायचे दात तुलाच मिळाले. माझा कधी वाजला नाही.) ते दिवस आठवले की आजही जेवण सुचत नाही, असं लिहिणार होतो, पण आज वांग्याची भाजी होती, जेवलो.

शेवटी गोंदियाला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. रिंकीला म्हणाल्या, "बेटा, दांत दबाके दिखाओ." पोर तोंड उघडेना. योगेश्वरीने लाडीगोडी केली, टिकेशने डोळे वटारले, काही उपयोग नाही. मग मी आपल्या पद्धतीने मदत करायला गेलो. बंडीच्या खिशात खळ्यावरचे चार दाणे होते (कोणत्या शेतकऱ्याच्या खिशात नसतात?), त्यातला एक तिच्या हातावर ठेवला. पोरीने तो पुढच्या दातांत धरला, दाबला, डॉक्टरीणबाईंच्या स्वच्छ फरशीवर थुंकला आणि म्हणाली, "ओलं हाय, आबाजी. ऊन दे."

टिकेशने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादाजी, ये क्या खिला रहे हो?" मी रिंकीला हे शिकवलं नव्हतं गं. खळ्यावर मी करतो ते बघून उचललं असेल, पण सूर मायचा होता.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दुधाचे दात पडतात हे खरं, पण चावा उलटा राहिला तर वरचा जबडा मागे दबतो आणि पुढचे पक्के दातही त्याच वाटेने येतात. आता लहानशी पट्टी बसवली तर काही महिन्यांत बरंच सुधारेल, पुढे त्रास कमी. मी म्हटलं, म्हणजे पऱ्ह्यातच, रोप कोवळं असतानाच काळजी घ्यायची, रोवणी झाल्यावर हात चोळत बसायचं नाही. त्या हो म्हणाल्या. माझ्याच बोलण्यात मी सापडलो, आता नाही कसं म्हणू? शिवाय परतीच्या गाडीत योगेश्वरी हळूच म्हणाली, "मामाजी, आत्याबाई उभा जन्म तोंड झाकून हसल्या. माही पोरगी तशी नाही हसली पाहिजे."

पुढच्या सोमवारी पट्टी बसणार आहे. मी होकार दिला आहे. कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यांना तेल लावून जपावा.

तुझा,
रेवाराम

ता. क. खरं काम राहिलंच. तू सोमवारच्या आत ये. मायचा एकच फोटो आहे आणि त्यात फोटोवाल्याने तिला तोंड मिटायला लावलं होतं. तिचं हसणं आता फक्त तुझ्या आणि रिंकीच्या तोंडात उरलंय. रिंकीचं सरळ होईल, व्हायलाच पाहिजे. तुम्ही दोघी एकदा खळ्यावर शेजारी बसा, दाणे चावा, आणि तू पदर खाली ठेवून हस. मी समोर बसेन. बाकी काही नको. येताना लाखोळीची डाळ आण.

ता. क. दुसरा. योगेश्वरीने हे पत्र वाचलं. (या घरात काही खाजगी नाही.) लगेच तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावून पट्टीची तारीख पुढे ढकलली. म्हणाली, "आत्याबाई येऊन गेल्यावर बसवू." तरी उशीर करू नकोस.

ता. क. तिसरा. पाकिटात घालायच्या आधी रिंकीने पत्राचा कोपरा दातांत धरून पाहिला. म्हणते, "ओलं हाय, आबाजी. ऊन दे." घामाचा हात लागला असेल.