एकशे एक नंबर कुणाला?

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात सांगलीजवळ मला मोगऱ्याच्या कुंडीत अर्थिंग सापडलं, आणि हे ऐकून पोट धरून हसेल असा तुमच्याशिवाय दुसरा माणूस मला आठवेना.

आधी माझं काम सांगते. आता फोनची वेगळी तार नसते. इंटरनेटच्या केबलमधूनच बोलणं जातं आणि त्याच केबलमधून फोनला वीजही मिळते. तुमच्या वेळी लाइट गेली तरी फोन चालायचा, कारण वीज एक्स्चेंजमधून यायची. आता लाइट गेली की फोनही गप्प, म्हणून बॅटरी बसवावी लागते. फोन बसवणारी माणसं पुण्याहून येतात. ती यायच्या आधी जागा तयार करणं माझ्याकडं: इंटरनेट, प्रत्येक टेबलापर्यंत केबल, अर्थिंग, यंत्रांच्या कपाटाला एक कोरडी, कुलूप लागणारी खोली, आणि कुणाचा आतला नंबर कोणता याची यादी. नोकरी सोडून स्वतःच्या जिवावर घेतलेलं हे पहिलंच काम. सोमवारी माणसं येणार होती. जागा तयार नसती तर ती तशीच परत गेली असती आणि मला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

ठिकाण म्हणजे दोन भावांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. दोघांच्या केबिन शेजारी शेजारी, मध्ये नुसती काच. पण गेटचं तोंड पूर्वेला हवं की उत्तरेला, यावरून दोन वर्षं दोघांत बोलणं बंद. निरोप सगळे वॉचमनमार्फत. वॉचमन फौजेतून रिटायर झालेला, साठीचा गडी. थोरल्यांच्या केबिनमधून निघायचा, धाकट्यांच्या दारात टाच आपटायचा आणि म्हणायचा, "साहेब, मोठं साहेब म्हंत्यात, की तुमाला अक्कल न्हाई." धाकटे काचेतून थोरल्यांकडं बघत उत्तर सांगायचे आणि हा ते घेऊन पुन्हा निघायचा.

गुरुवारी मी अर्थिंग विचारलं. त्यांचा वायरमन म्हणाला, "हाय की म्याडम, लय भारी हाय!" मी हिरव्या वायरीच्या मागं निघाले. बोर्डातून खिडकीबाहेर, भिंतीवरून खाली, आणि थेट कुंडीत. मी त्याच्याकडं बघितलं तर तो म्हणतो, "माती हाय का न्हाई त्यात? मग?" मी हसत सुटले आणि हसता हसता मला आपलं कोरेगावचं परसू दिसायला लागलं. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही मला घरच्या अर्थिंगचा खड्डा काढायला सांगितलाय आणि मी दोन फूट आधीच थांबलेय. तुम्ही ड्यूटीवरून येता, सायकल भिंतीला लावता, खड्ड्यात काठी घालून बघता. "दिसत न्हाई म्हनून करायचं न्हाई व्हय? वीज पडंल तवा दिसंल बग." मग मला पुन्हा खड्ड्यात उतरवून तुम्ही स्वयंपाकघरात जाता आणि आईची खड्यामिठाची अख्खी बरणी आणून खड्ड्यात भरायच्या कोळशावर ओतता. आईनं त्या दिवशी आमटी अळणीच वाढली, मुद्दाम, आणि तुम्ही "झकास झालीय" म्हणत दोन वाट्या प्यालात. वायरमनला मी तुमचेच शब्द ऐकवले. शुक्रवारी दुपारपर्यंत जनरेटरमागं पुरता खड्डा झाला. मोगरा सुटला.

खरं त्रांगडं पुढंच होतं. कपाटाजोगी कोरडी खोली एकच, आणि तिच्यात थोरले जेवणानंतर झोपायचे. मी विनंती केली तर म्हणाले, "तुमच्या कपाटाला झोप लागती का? मला लागती." मग त्यांनी अट घातली: खोली देतो, पण एकशे एक नंबर माझा. यादीतला पहिला. हे काचेपलीकडं ऐकू गेलं असावं. दहा मिनिटांत वॉचमन माझ्यासमोर टाच आपटून उभा. "धाकलं साहेब म्हंत्यात, इंटरनेट त्यांच्या नावावर हाय. एकशे एक तिकडं गेला, तर पासवर्ड मिळायचा न्हाई." शनिवारही असाच गेला. त्या दिवशी वॉचमननं किती फेऱ्या मारल्या ते तोच जाणे. शेवटी म्हणाला, "म्याडम, सीमेवर बी येवढं चाललो न्हाई वो."

गाडी काढून घरी निघाले तेव्हा मला औंधकडचं ते गाव आठवलं. गावाचा पहिला फोन बसवायला तुम्ही गेला होतात. सरपंच म्हणत होते माझ्या सोप्यात बसवा, माजी सरपंच म्हणत होते माझ्या. तुम्ही दोघांकडं चहा घेतलात, दोघांना "व्हय, व्हय" म्हणालात, आणि फोन बसवलात शिंप्याच्या दुकानात. तक्रार झाली, साहेबांचा मेमो घरी आला. मी घाबरून विचारलं तर तुम्ही मेमोची घडी घालत म्हणालात, "शिंपी दिसभर मशिनीवर बसून असतोय. फोन मानाचा नसतोय पोरी, उचलायचा असतोय."

रविवारी सकाळी मी यादी छापून भिंतीवर चिकटवली. एकशे एक: गेट. थोरले चष्मा वर करून बघत राहिले. "वॉचमनला?" मी म्हणाले, "बाहेरचा फोन आधी तेच घेणार. ट्रक आला तर तेच सांगणार." थोरल्यांना मी दोनशे नंबर दिला होता आणि धाकट्यांना तीनशे. एकाला वाटलं आपला आधी, दुसऱ्याला वाटलं आपला मोठा. थोरल्यांची खाट बेदाण्याचे नमुने ठेवायच्या खोलीत गेली आणि पासवर्डाची चिठ्ठी वॉचमनच्याच हातून आली. ती त्याची शेवटची फेरी.

सोमवारी चारपर्यंत सगळे फोन सुरू झाले. पुण्याच्या माणसांनी वॉचमनला फोन जोडून द्यायचं बटण दाखवलं. त्यानं ते रायफल शिकावी तसं तीनदा करून बघितलं. मग थोरल्यांनी एकशे एक लावला. "त्याला सांग, उद्याच्या गाड्या..." वॉचमन मध्येच म्हणाला, "जोडून देतो साहेब!" आणि दिला जोडून. काचेपलीकडं धाकट्यांनी सवयीनं फोन उचलला. दोघे एकमेकांकडं बघतायत, दोघांच्या कानाला फोन, आणि बोलत कुणीच नाही. आम्ही सगळे हातातली कामं टाकून उभे. शेवटी थोरले म्हणाले, "तुझा पंखा बंद कर. खरखर ऐकू येतीय." धाकट्यांनी उठून पंखा बंद केला आणि परत येऊन फोन कानाला लावला. पुढं काय बोलले ते कळलं नाही, पण वॉचमननं स्टूल ओढून घेतलं आणि पाय पसरून बसला. मी त्याला बसलेला पहिल्यांदाच बघत होते.

चहाच्या वेळी थोरल्यांनी मला विचारलं, "अर्थिंगचं, नंबरचं, हे तुम्ही शिकला कुठं?" मी म्हणाले, वडिलांकडून. "काय होते वडील?" आप्पा, मी म्हणाले, टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. लाइनमन हा शब्द ओठांपर्यंत आला होता आणि मी तो चहाबरोबर गिळला. का, ते अजून नीट सांगता येत नाही. समोर फोन बसवायला आलेली पुण्याची इंजिनिअर मंडळी बसली होती, एवढंच आठवतं. हे पत्र मी कामाच्या फाइलमध्ये ठेवून देणार आहे. तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय असती, तरी या शेवटच्या ओळींमुळं मी ते पाठवलं नसतं.